ताप उतरला, पण दुखणे गेले का? १८७७ ची मुंबई आणि उलटणारा ताप

माझगावच्या टेकडीपासून पश्चिमेला साधारण एक-दीड किलोमीटरवर जे.जे. रुग्णालयाचे आवार आहे. १८४५ मध्ये हे रुग्णालय आणि त्याला जोडून ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्यानंतर सुमारे तीन दशकांनी, १८७७ साली, मुंबईच्या रुग्णालयांत एक विलक्षण ताप दाखल होऊ लागला. रुग्णाला एकाएकी हुडहुडी भरे. ताप १०४-१०५ अंशांपर्यंत चढे, डोके आणि सांधे ठणकत, प्लीहा वाढे, कित्येकांचे डोळे काविळीने पिवळे होत. पाच-सात दिवस हे चाले. मग दरदरून घाम सुटे आणि अवघ्या काही तासांत ताप साफ उतरे. माणूस उठून बसे, जेवायला मागे. आठवडाभर सर्व ठीक असे. आणि एके दिवशी पुन्हा तीच हुडहुडी, तोच ताप.

मराठीत यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे: दुखणे उलटले. वैद्यकाच्या इंग्रजीत या तापाला ‘रिलॅप्सिंग फीव्हर’ म्हणतात. हे नाव १८४३ च्या एडिंबरोतील साथीच्या वेळी डेव्हिड क्रेगी या डॉक्टरने रूढ केले. त्याचे दुसरे नाव अधिक बोलके आहे: ‘फॅमिन फीव्हर’, म्हणजे दुष्काळी ताप.

हा धागा त्या तापाचा, तो ओळखणाऱ्या माणसाचा आणि एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा आहे. ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला, असे कशावरून म्हणायचे? अमेरिकेत व युरोपात ‘क्रॉनिक लाइम’ या नावाने जो कडवट वाद गेली काही दशके चालू आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. आणि लाइमचा जंतू हा १८७७ मध्ये मुंबईत दिसलेल्या जंतूचा सख्खा भाऊबंद आहे.

प्रथम दुष्काळ. १८७६ चा पाऊस दख्खनवर फिरकलाच नाही. पुणे, अहमदनगर, सोलापूर, सातारा, विजापूरकडचा कलादगी जिल्हा, खाली मद्रास आणि म्हैसूरपर्यंत पिके करपली. १८७८ पर्यंत चाललेल्या या दुष्काळात ब्रिटिश मुलखातील मृत्यूंचा रूढ अंदाज सुमारे ५५ लाखांचा आहे. सरकारचा दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून १८७७ च्या प्रारंभी दौऱ्यावर निघालेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्य आणि वर थोडी रोख पुरेशी आहे असे ठरवले. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या मापाला वैद्यकीय आधारावर जाहीर विरोध केला. पुण्याची सार्वजनिक सभा गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने तक्रारी व अहवाल पाठवत राहिली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी तर कामावर बहिष्कार टाकून पाहिला. टेंपल एप्रिल १८७७ च्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर झाले.

अशा वेळी देशावरचा माणूस मुंबईकडे पाहणार, हे उघड होते. भोर घाटातून रेल्वे येऊन चौदा-पंधरा वर्षे झाली होती. ज्यांच्याकडे भाडे नव्हते त्यांना घाटवाट होती. शहरात गिरण्या होत्या, बंदर होते. माझगावच्या दक्षिणेला नेमक्या त्याच वर्षांत प्रिन्सेस डॉकचे काम चालू होते. ही गोदी १ जानेवारी १८८० रोजी खुली झाली. काम मिळेल ही आशा आणि अंगावरचे एकच वस्त्र घेऊन माणसे आली. दाटीच्या खोल्यांत, ओसऱ्यांवर, रस्त्याकडेला राहिली. त्या एकाच वस्त्राला पुढे या कथेत फार महत्त्व येणार आहे.

आता तो डॉक्टर. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हे नाव अपरिचित वाटेल, पण त्यांच्या हातचे काम वैद्यकाच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेले आहे. १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या शरीररचनेच्या विख्यात ग्रंथातील चित्रे त्यांची. ग्रंथ ग्रे यांच्या नावाने अजरामर झाला. कार्टर यांना एकरकमी मानधन मिळाले, पुढच्या आवृत्त्यांच्या उत्पन्नात वाटा नाही. मुखपृष्ठावरील त्यांचे नाव लहान अक्षरांत छापावे, हाही ग्रे यांचाच आग्रह. त्याच वर्षी कार्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन मुंबईला आले आणि जवळपास तीस वर्षे इथेच राहिले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचना शिकवली, साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काही वर्षे काढली, कुष्ठरोगाचा अभ्यास करण्यासाठी नॉर्वेपर्यंत जाऊन आले. दुष्काळाच्या वर्षी ते मुंबईत परतलेले होते: आधी गोकुळदास तेजपाल रुग्णालय, मग जे.जे. आणि ग्रँट कॉलेजचे हंगामी प्राचार्यपद.

चित्रकाराचा डोळा आणि सूक्ष्मदर्शक, हे दोन्ही एकाच माणसाकडे असणे त्या काळी दुर्मीळ होते. मुंबईत तर फारच.

त्यांच्या आधी बर्लिनमध्ये ओटो ओबरमायर या तरुण डॉक्टरने १८६८ च्या साथीत रुग्णांच्या रक्तात दोऱ्यासारखे, मळसूत्री वळणांचे, सतत हलणारे जंतू पाहिले होते. ते त्याने १८७३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी पटकीचा अभ्यास करताना पटकीनेच तो वारला. ओदेसात मुंख नावाच्या डॉक्टरने १८७४ मध्ये अशा रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि आजारी पडून दाखवले. तरीही रोगजंतूंची कल्पना अजून वादग्रस्तच होती. काळपुळीच्या जंतूवरचा रॉबर्ट कॉख यांचा निबंध १८७६ चा, म्हणजे मुंबईच्या साथीच्या अवघा एक वर्ष आधीचा. हिंदुस्थानात हा ताप आहे की नाही, यावरच डॉक्टरांत मतभेद होते. हिवताप, विषमज्वर आणि हा ताप ही सारी एकाच ‘ज्वर’ नावाच्या पिशवीत कोंबली जात.

कार्टर यांनी रुग्णाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यांना तेच मळसूत्री जंतू दिसले. रंग देण्याची पद्धत नुकती कुठे सुरू होत होती. ताज्या रक्तात हे जंतू इतके बारीक दिसतात की प्रथम तांबड्या पेशी विनाकारण हिसके खाताना दिसतात, आणि मग त्यांना हिसका देणारा धागा नजरेत येतो. कार्टर त्याला ‘स्पिरिलम’ म्हणत. आज त्याचे नाव बोरेलिया रिकरेन्टिस.

पण जंतू दिसणे हा या शोधाचा अर्धाच भाग. कार्टर एकदा पाहून थांबले नाहीत. ते त्याच रुग्णाचे रक्त पुन्हा पुन्हा पाहत राहिले: ताप चढताना, ताप ऐन भरात असताना, घाम सुटल्यावर, मधल्या बऱ्या दिवसांत आणि ताप उलटल्यावर. शेजारी तापमानाचा आलेख. ताप असताना जंतू दिसत, ताप उतरण्याच्या सुमारास ते दिसेनासे होत, मधल्या दिवसांत रक्त स्वच्छ वाटे, आणि दुखणे उलटले की ते परत हजर होत. १८७९ च्या सुमारास त्यांनी रुग्णांचे रक्त माकडांना टोचून त्यांच्यातही ताप आणि जंतू निर्माण करून दाखवले. कॉख यांनीही जवळजवळ त्याच वेळी जर्मनीत हा प्रयोग केला. १८८२ मध्ये कार्टर यांचा ‘स्पिरिलम फीव्हर’ हा जाडजूड ग्रंथ लंडनहून निघाला. त्याच्या नावातच ‘पश्चिम हिंदुस्थानात दिसलेला दुष्काळी अथवा उलटणारा ताप’ असा उल्लेख आहे. ज्या वर्षी कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला, त्याच वर्षी मुंबईच्या वॉर्डांतून आलेले हे पुस्तक होते. मुंबईच्या वैद्यकीय इतिहासाची चर्चा नेहमी १८९६ च्या प्लेगपासून सुरू होते. ती किमान वीस वर्षे आधीपासून सुरू व्हायला हवी.

या रोजच्या रक्ततपासणीचे मोल कळायचे असेल, तर तेव्हाचे उपचार काय होते ते पाहावे लागेल.

खरे उत्तर असे की उपचार नव्हता. हिवतापावर चालणारे क्विनाइन या तापावर चालत नाही, हे युरोपातील साथींतच दिसून आले होते. तरीही ते दिले जाई, कारण दोन्ही ताप सुरुवातीला सारखेच दिसतात. शिवाय या रोगाची एक फसवी खोड होती. पाच-सात दिवसांनी ताप आपसूक उतरतो. म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी जे काही दिले, मग ते क्विनाइन असो, काढा असो, अंगारा असो, त्याचा गुण आलाच! दुसऱ्या दिवशी घाम, तिसऱ्या दिवशी भूक. देणाऱ्याची खात्री पटते, घेणाऱ्याचीही. आणि आठवड्याने ताप उलटला की दोष औषधाला लागत नाही, तो लागतो रुग्णाला.

कारण आपल्याकडे उलटलेल्या दुखण्याचे एक जुने स्पष्टीकरण तयार होते: पथ्य मोडले. चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेत ज्वर परत येण्याचा स्वतंत्र विचार आहे. अंगात बळ आलेले नसताना केलेले श्रम आणि अपथ्य ही त्याची कारणे मानली आहेत. अशक्त माणसाला जपावे, हा त्यातील सल्ला शहाणपणाचाच आहे. पण दुष्काळातून आलेल्या मजुराच्या बाबतीत ‘पथ्य मोडले’ या शब्दांचा अर्थ काय उरतो? ताप उतरताच तो कामावर गेला, कारण न जाता चालणार नव्हते. मिळेल ते खाल्ले, कारण निवडायला काही नव्हते. युरोपीय डॉक्टरही वेगळ्या शब्दांत तेच म्हणत: हे लोक घाणेरडे राहतात, ऐकत नाहीत. कार्टर यांच्या आलेखांनी या आरोपाखालची जमीनच काढून घेतली. रुग्णालयाच्या खाटेवर, डॉक्टरांच्या नजरेखाली, बेताचे खाऊन पडून असलेल्या माणसाचाही ताप ठरल्यासारखा उलटत होता. दुखणे उलटणे हा रुग्णाचा गुन्हा नव्हता. तो जंतूचा स्वभाव होता.

मग डॉक्टरांच्या हाती काय होते? सर्वांत धोक्याची वेळ ताप चढण्याची नव्हे, उतरण्याची असे. काही तासांत तापमान कोसळून नेहमीपेक्षाही खाली जाई, नाडी बुडे, आणि उपासमारीने आधीच खंगलेले हृदय त्याच वेळी दगा देई. त्या रात्री रुग्णाजवळ कोणीतरी जागे असणे, त्याला ऊब देणे, थोडेथोडे पातळ अन्न देत राहणे, आणि बरे वाटले म्हणून लगेच घरी न धाडणे, एवढीच खरी चिकित्सा होती. आजचे ग्रंथ सांगतात की उपचार न झाल्यास या तापात शंभरातील दहा ते चाळीस माणसे दगावतात. दहा आणि चाळीस यांमधले हे अंतर बरेचसे रुग्णाच्या ताटातून आणि त्याच्या भोवतीच्या देखभालीतून येते.

इथे एक पेच आहे आणि तो इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जंतू सापडला म्हणजे ‘दुष्काळी ताप’ हे नाव चुकीचे ठरले का? माणसे भुकेने मेली की जंतूने? टेंपल यांच्या एक पौंडाचे समर्थन करणाऱ्याला जंतू सोयीचाच वाटला असता. पण जंतू एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे १८८२ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. ते ठाऊक झाले तेव्हा भूक आणि जंतू यांमधला दुवा दिसला, आणि तो दुवा नाशकात सापडला.

१९०७ साली नाशिकजवळच्या एका मिशन वसाहतीतील मुलांमध्ये या तापाची साथ आली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील पर्सिव्हल मॅकी यांनी तिची तपासणी केली. मुले आणि मुली यांची राहण्याची सोय वेगळी होती, जेवण-पाणी सारखेच होते. तरी मुलग्यांत आजार कितीतरी अधिक होता. फरक होता तो उवांचा. डोक्यातल्या नव्हे, कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या उवांचा. मुलग्यांच्या कपड्यांत त्या पुष्कळ होत्या आणि त्यांच्या पोटात मॅकी यांना जिवंत मळसूत्री जंतू सापडले. ऊ हा रोग पसरवते याचा हा पहिला भक्कम पुरावा होता. पुढे ट्युनिसमध्ये शार्ल निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ च्या सुमारास उरलेला तपशील पुरा केला: ऊ चावल्याने रोग होत नाही, ती चिरडली गेली की होतो. अंग खाजते, माणूस खाजवतो, ऊ नखाखाली फुटते, तिच्या अंगातला द्रव ओरखड्यातून आत जातो. हेच मॅकी पुढे परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक झाले.

आता ते एकच वस्त्र आठवावे. कपड्यातली ऊ मारायला फार काही लागत नाही: दुसरा कपडा, उकळते पाणी आणि सरपण. दुष्काळात नेमक्या याच तीन गोष्टी नसतात. विहिरी आटलेल्या, सरपण विकून खाल्लेले, अंगावरचे लुगडे किंवा धोतर धुवायला काढले तर नेसायला काही नाही. त्यात छावणीत, धर्मशाळेत, एका घोंगडीखाली चौघे. भूक थेट ताप आणत नाही. भूक माणसाला अशा जागी आणून सोडते की ऊ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर सहज चालत जाते. ‘दुष्काळी ताप’ हे जुने नाव त्या अर्थाने चुकीचे नव्हते.

औषध मात्र युरोप-जपानच्या प्रयोगशाळेतून आले. पाउल एर्लिख आणि साहाचिरो हाता यांचे ‘६०६’ म्हणजे साल्व्हर्सान हे सोमलापासून बनवलेले औषध उपदंशावरचे म्हणून प्रसिद्ध आहे. पण उलटत्या तापाच्या जंतूवरही ते सुरुवातीपासून तपासले गेले होते, आणि १९१० मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये या तापाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग झाला. एका टोचणीत ताप जाई आणि बहुतेकांचा उलटत नसे. नंतर पेनिसिलिन आले, टेट्रासायक्लिन आले. आज बहुधा एकच मात्रा पुरते आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात दोन ते पाचांपर्यंत खाली येते.

पण त्या एका मात्रेचीही एक परीक्षा असते. औषध दिल्यावर काही तासांत रुग्ण अचानक अधिकच बिघडतो: कडाक्याची थंडी, ताप आणखी वर, रक्तदाब कोसळतो. असंख्य जंतू एकदम मरून त्यांचे अवशेष रक्तात सुटल्याने हे घडते. यारिश आणि हर्क्सहायमर या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी उपदंशाच्या उपचारात हे प्रथम नोंदवले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. उलटत्या तापात ही प्रतिक्रिया इतकी तीव्र होऊ शकते की औषधाच्या पहिल्या रात्रीच रुग्ण दगावण्याचा धोका असतो. हे नाव लक्षात ठेवावे. लाइमच्या वादात ते परत भेटेल.

ताप उलटतो का, याचेही उत्तर विसाव्या शतकात मिळाले. शरीर जंतूच्या पृष्ठभागावरील प्रथिन ओळखून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि जंतू मारले जातात. तोच तो घाम सुटण्याचा दिवस. पण लाखोंमधल्या काही थोड्या जंतूंनी तोवर आपल्या पृष्ठभागावरचे प्रथिन बदललेले असते. त्यांच्याकडे अशा प्रथिनांच्या जनुकांचा साठाच असतो. एक वेष ओळखला गेला की दुसरा. हे थोडे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाहीत, आठवड्याभरात वाढतात आणि ताप परत येतो. कार्टर यांना जे मधले रक्त स्वच्छ वाटले, ते स्वच्छ नव्हते.

आता अमेरिका. मुंबईच्या साथीला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, १९७७ मध्ये, येल विद्यापीठातील अ‍ॅलन स्टीअर आणि सहकाऱ्यांनी ‘लाइम आर्थ्रायटिस’ नावाच्या एका नव्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. कनेक्टिकट राज्यातील लाइम गाव आणि त्याच्या परिसरात एवढ्या मुलांचे गुडघे कसे सुजतात, असा प्रश्न तिथल्या आयांनी १९७५ मध्ये आरोग्य खात्याकडे नेला, तेव्हा हा तपास सुरू झाला. हा रोग गोचिडीच्या चाव्याने होतो. त्वचेवर पसरत जाणारा लाल, पुष्कळदा वर्तुळाकार चट्टा, ताप, थकवा. उपचार न झाल्यास पुढे सांधे, मज्जातंतू, क्वचित हृदय.

त्याचा जंतू सापडला १९८१ मध्ये, मोंटाना राज्यातील प्रयोगशाळेत. विली बुर्गडोर्फर हे गोचिडींत दुसराच रोगजंतू शोधत होते. एका गोचिडीच्या आतड्यात त्यांना लांबट मळसूत्री धागे दिसले आणि ते काय असावेत हे त्यांच्या चटकन लक्षात आले. याचे कारण त्यांच्या विद्यार्थिदशेत आहे: स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे त्यांनी पीएच.डी. केली होती ती आफ्रिकेतील गोचिडींतून पसरणाऱ्या उलटत्या तापाच्या जंतूवर. लाइमचा जंतू बोरेलिया या त्याच कुळातला निघाला आणि १९८४ मध्ये त्याला बोरेलिया बुर्गडोर्फेरी हे नाव मिळाले. कार्टर यांनाही असा मान एकदा मिळाला होता. हिंदुस्थानातील उलटत्या तापाचा जंतू वेगळा आहे अशा समजुतीने १९०७ मध्ये त्याला ‘कार्टेरी’ म्हटले गेले. पण तो वेगळा नाही हे ठरल्यावर ते नाव मागे पडले.

लाइमचा उपचार सुरुवातीच्या अवस्थेत सरळ आहे. डॉक्सिसायक्लिन किंवा तत्सम प्रतिजैविक, अवस्थेनुसार सुमारे दहा दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत. बहुतेक रुग्ण बरे होतात. पण काहींचा थकवा, अंगदुखी, विचारांतील सुस्ती उपचारानंतर सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ जात नाही. हे त्रास खरे आहेत, याबद्दल गंभीर वैद्यकात दुमत नाही. वाद आहे तो कारणाचा. एक पक्ष म्हणतो की जंतू अजून शरीरात दडून आहे, तेव्हा प्रतिजैविके महिनोन् महिने चालू ठेवा. याच समजुतीचे लोकप्रिय नाव ‘क्रॉनिक लाइम’. शिवाय ज्यांना लाइम झाल्याचा कोणताच पुरावा नाही, अशांनाही हे नाव दिले जाते.

हा प्रश्न चाचण्यांनी तपासला गेला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचण्यांत एका गटाला तीन महिने प्रतिजैविके दिली, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली मात्रा. दोन्ही गटांत काही रुग्ण सुधारले आणि दोन्हींत ते प्रमाण साधारण सारखेच होते. २०१६ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीनेही दीर्घ उपचाराचा अधिक लाभ दाखवला नाही. एका लहान चाचणीत थकव्यापुरता काही फरक दिसला. परंतु शिरेत महिनाभर नळी ठेवण्याचे धोके त्याहून जड होते.

दोन्ही गटांत सुधारणा! १८७७ च्या वॉर्डात पाचव्या दिवशी दिलेल्या क्विनाइनला हेच यश आले होते. जे दुखणे स्वतःहून चढते-उतरते, त्यात प्रत्येक उपचाराला कधी ना कधी गुण येतो. आणि उपचाराने रुग्ण अधिक बिघडला, तर तेही औषध लागू पडल्याचेच लक्षण म्हणून सांगितले जाते. तिथे हर्क्सहायमर यांचे नाव घेतले जाते. खऱ्या उलटत्या तापात ती प्रतिक्रिया पहिल्या मात्रेनंतर काही तासांत येते आणि साधारण दिवसभरात ओसरते. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या बिघाडाला ते नाव लावणे, म्हणजे उपचार कधीच चुकू शकत नाही अशी सोय करून ठेवणे होय.

मात्र लाइमच्या रुग्णांची एक अडचण खरी आहे आणि ती कार्टर यांच्या रुग्णांना नव्हती. उलटत्या तापात रक्ताच्या थेंबात जंतू इतके असतात की डोळ्यांनी दिसतात. लाइमचा जंतू रक्तात सहसा दिसत नाही. निदान होते ते प्रतिपिंडांवरून, आणि प्रतिपिंडे रोग गेल्यावरही वर्षानुवर्षे राहतात. त्यामुळे ‘आता तुमच्यात जंतू नाही’ असे रुग्णाला दाखवता येईल अशी सोपी तपासणी डॉक्टरांपाशी नाही. तापमानाचा कागद आणि सूक्ष्मदर्शक घेऊन कोणी खाटेशी बसले, तरी त्याला फारसे काही दिसणार नाही. या पोकळीत एकीकडून महागडे अखंड उपचार विकणारे शिरतात आणि दुसरीकडून ‘हे सगळे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ म्हणणारे. दुसऱ्या वाक्याचा सूर ‘पथ्य मोडले असेल’ याहून फार निराळा नाही.

कार्टर १८८८ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. जाण्याआधी उंदराच्या रक्तातला एक बारीक मळसूत्री जंतू आणि लाव्हेरान यांनी शोधलेला हिवतापाचा परजीवी, या दोन्हींवरही त्यांनी मुंबईत काम केले. १८९७ मध्ये स्कारबरो येथे क्षयाने त्यांचे निधन झाले.

उलटणारा ताप भारतातून जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. इथिओपियात तो अजून आहे. २०१५ मध्ये आफ्रिकेच्या शिंगातून निघून भूमध्य समुद्र ओलांडून आलेल्या काही निर्वासितांना नेदरलँड्स, जर्मनी आणि इटलीत कडक ताप आला. हिवतापाचा संशय घेऊन काचपट्टीवर रक्त पाहणाऱ्यांना तांबड्या पेशींच्या मध्ये मळसूत्री धागे दिसले. अशा रुग्णाला पहिली मात्रा रुग्णालयात ठेवूनच देतात, पुढचे काही तास त्याची नाडी आणि रक्तदाब पाहत राहतात, आणि त्याचे कपडे काढून घेऊन त्याला दुसरे देतात.